टप शिवला, खिडकी बसवली

मु. चऱ्होली,
वैशाख वद्य पंचमी

राजमान्य राजेश्री यशवंतराव यांस,

चऱ्होलीहून तुमचे दाजी ज्योतीराम यांचा दोन्ही हात जोडून रामराम. (उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली आहे, तेव्हा दीडच हात धरा. कारण पुढे येईल.) इकडे सर्व खुशाल आहे असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. म्हैस आटली आहे, विहिरीचे पाणी तळाला गेले आहे, आणि अंबूआत्या मला दोन वेळा भाकरी करून घालते व प्रत्येक भाकरीबरोबर एक टोमणा वाढते. बाकी खुशाल. तिकडे तुमचे वडील, आमचे मामंजी, यांचा खोकला कसा आहे? तुमच्या मातोश्री गोजाबाई यांच्या डोळ्यांना अलीकडे कमी दिसते असे कानावर आले, ते खरे का? तुमच्या खिल्लारी जोडीपैकी डाव्या बैलाचा खांदा आला होता, तो बरा झाला का? बैलाची चौकशी मी शिष्टाचार म्हणून करत नाही, मनापासून करतो, हे ध्यानात ठेवा. तुमच्या भगिनीची तब्येत विचारत नाही. ती ठणठणीत असणार. रागावलेल्या माणसाला भूक चांगली लागते, असा आमच्या घरातला अनुभव आहे.

तर मूळ मुद्दा. तुमच्या माणच्या जत्रेहून आम्ही परत आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुमची भगिनी सोजरा तुमच्याच बैलगाडीत बसून माहेरी गेली, ती अजून तिथेच आहे. जाताना मला एक शब्द बोलली नाही. आत्याला तेवढे सांगून गेली, की मोटारीचा टप नीट होईल तेव्हाच मी येईन. पाठोपाठ तुमचा निरोप आला, की आमची बहीण काही वाटेवर पडलेली नाही, तिला फाटक्या टपाखाली उन्हातान्हात बसवायची नाही. (हा निरोप तुम्ही आठवड्याच्या बाजारात आमच्या शेजारच्या चिमाजीजवळ दिलात. चिमाजीजवळ निरोप देणे म्हणजे दवंडी पिटणे. माझ्या घरी तो सगळ्यांत शेवटी पोचला.) आणि आता ऐकतो की मामंजी म्हणतात, मृग लागायच्या आत काय तो निकाल लागला नाही तर दोन्हीकडची वडीलधारी बसवू. यशवंतराव, वडीलधारी बसली की काय होते हे तुम्हीही जाणता. ती उठत नाहीत. मूळ भांडण मिठाच्या खड्याएवढे असले, तरी उठेपर्यंत त्याचे मिठागर झालेले असते.

मोटारीबद्दल तुमच्या घरात काय बोलले जाते ते मला ठाऊक आहे. गोरा साहेब देश सोडून जाताना जी वस्तू बरोबर न्यायला लाजला, ती आमच्या जावयाने घेतली, असे मामंजी म्हणतात. म्हणोत बापडे. पण टपाची मोटार सबंध पंचक्रोशीत दुसरी नाही. वरचे कापड मागे सारले की उघडी, पुढे ओढले की झाकलेली, असे दुहेरी सुख छकड्यात नाही. कापड जुने झाले होते एवढेच. ऊन कुठून येते ते दिसायचे आणि पाऊस कुठून येतो ते कळायचे. मागे जी पारदर्शक खिडकी होती ती पिवळी पडून तडकली होती आणि तिच्यातून धुरळा येत होता, म्हणून जत्रेला निघण्यापूर्वी मी त्या भोकावर गोणपाटाचा तुकडा ठासून शिवून टाकला. काम झकास झाले होते. धुरळा बंद झाला होता. माणहून परत निघालो, तुमची भगिनी मागे बसली, चिमाजी पुढे माझ्याशेजारी बसला, आणि वेशीपाशी ती म्हणाली, की मागचं काही दिसत न्हाई. मी म्हणालो, मोटारीचे तोंड पुढे असते, मागे बघायचे तर म्हशीवर उलटे बसून जावे. चिमाजी हसला. वेशीत उभे असलेले तुम्हीही हसलात, हे विसरू नका. मग ती थेट चऱ्होलीपर्यंत गप्प होती, आणि मी समजत होतो की तिला झोप लागली.

म्हणजे भांडण टपाचे, हे उघड झाले. अंगावर ऊन येते, लुगडे धुळीने भरते, बाईमाणसाला राग येणारच. तेव्हा मी ठरवले की टप दुरुस्त करायचा आणि तो स्वतः करायचा. पुण्यात मोटारीच्या गाद्या शिवणारा एक कारागीर आहे, त्याला आधी दाखवून आणला होता. त्याने टपाला बोट लावले, ते बोट आरपार गेले, आणि तो इतका हसला की त्याच्या दुकानातले गिऱ्हाईक बाहेर येऊन हसू लागले. शिवाय दुसऱ्याकडून करून घेतले असते तर तुमची भगिनी म्हणाली असती, तुम्ही काय केलंत? या प्रश्नाला तोंड देण्यापेक्षा दाभण परवडली.

पहिल्यांदा जुने कापड उतरवले. बेत असा होता की जुन्या कापडाच्या मापाने नवे कापायचे. पण सांगाड्याच्या कमानींवरून ते काढताच त्याचे असे तुकडे झाले की माप तर सोडाच, आत्याने ते चूल पेटवायला नेले आणि तेही नीट पेटले नाहीत. मग पिंपरीला गेलो. तिथे कँपात सिंध्यांची दुकाने लागली आहेत, तिकडे औषधाच्या सरकारी कारखान्याच्या भिंती चढताहेत, आणि बाजारात जी वस्तू पुण्यात नाही म्हणतात ती हमखास मिळते. एका शेठजीजवळ लष्करी तंबूचे हिरवे जाड कापड होते. तो म्हणाला, कितने आदमी सोयेंगे? मी म्हणालो, सोयेगा कोई नहीं, मोटार पे डालने का है. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितले आणि दोन वार जास्त मोजून दिले. मला वाटले त्याला दया आली. घरी येऊन उलगडले तेव्हा कळले की त्या जादा तुकड्यावर पांढऱ्या रंगात मोठा लष्करी आकडा छापलेला आहे. तो नेमका टपाच्या माथ्यावर आला आहे. आता गावातली पोरे मोटार दिसली की सलाम ठोकतात.

शिवण्याचे मला भय नव्हते. धान्याची पोती मी लहानपणापासून शिवतो, आणि टप म्हणजे काय, उलटे ठेवलेले पोतेच. दाभण आणि सुतळी घेऊन मोटारीत बसलो. अर्धा टप असा झाला की बघत राहावे. तेवढ्यात अंगठ्यातून दाभण गेली. चिंधी बांधून पुन्हा बसलो. तेवढ्यात चिमाजी सांगत आला की चावडीवर बोलावले आहे, आणि मी उठलो, तर मला उठता येईना. टपाच्या काठाबरोबर मी माझे धोतरही शिवून घेतले होते, तेही पोत्याच्या पक्क्या टाक्याने, जो उसवत नाही म्हणून आमच्या घराण्याची ख्याती आहे. चिमाजीला म्हटले, कातरी आण. तो कातरी आणायला गेला आणि वाटेत भेटेल त्याला हकीकत सांगत गेला. कातरी आली तेव्हा तिच्याबरोबर निम्मा गाव आला होता. धोतराचा तो तुकडा अजून टपातच आहे, डाव्या बाजूला. बाकी शिवण सरळ आहे.

राहिली खिडकी. भोक ठेवले होते, त्यात काय बसवायचे? माझा पुण्यात काढलेला फेटा बांधलेला फोटो भिंतीवर आहे, त्याची काच काढून कापडात चौफेर शिवली. (फोटो आता काचेविना आहे. आत्या म्हणते, आता जरा माणसासारखा दिसतोस.) काच इतकी स्वच्छ की आरपार देवळाचा कळस दिसत होता. ही कलाकुसर चार लोकांना दाखवावी म्हणून मी टप उघडून, घडी घालून, पुन्हा चढवून दाखवायचे ठरवले. आता यशवंतराव, तुम्ही शहाणे आहात, तुमच्या ध्यानात आले असेल की टपाची घडी होते आणि काचेची होत नाही. माझ्या ते आवाज झाल्यावर ध्यानात आले. चिमाजीच्या ते मागच्या गादीवर बसल्यावर आले. त्याला दोन दिवस कुशीवर झोपावे लागले, आणि त्या दोन दिवसांत गावात कमालीची शांतता होती.

काच नको, वाकेल असे काहीतरी पाहिजे, हे सिद्ध झाले. तेव्हा मला आत्याच्या हाताची आठवण झाली. गेल्या वर्षी ती गोठ्यात घसरून पडली आणि उजव्या हाताचे मनगट मोडले, तेव्हा पुण्याच्या दवाखान्यात हाडांचा फोटो काढला होता. तो काळा मोठा कागद तिने पेटीत जपून ठेवला आहे, आणि घरी बाई आली की उन्हाकडे धरून तिला आपली हाडे दाखवते. (हळदीकुंकवाच्या बायकांना आधी हाडे, मग पान.) हा कागद म्हणजे मुळात निळसर पारदर्शक फिल्म असते, आणि धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात भिजवून घासली की वरचे काळे निघून जाते, हे मला त्या दवाखान्यातल्याच माणसाने सांगितले होते. मी आत्याला मागितला. तिने असे तोंड केले की जणू हातच मागितला. म्हणाली, "माझी हाडं मोटारीला लावतूस व्हय रं? मी अजून जिती हाय." दोन दिवस बोलली नाही, म्हणजे माझ्याशी नाही, माझ्याबद्दल पुष्कळ बोलली. तिसऱ्या दिवशी स्वतःच कागद आणून पुढ्यात टाकला. अट एकच घातली, की मोटार तयार झाली की पहिली बसणार ती.

धुवायला बसलो. मनगट गेले, मोडलेले हाड गेले, तळवा गेला. कोपऱ्यात तीन बोटे उरली असताना तिने माझा हात धरला. "आता ऱ्हाऊ दे. बोटं तरी ऱ्हाऊ दे," म्हणाली. तेव्हा खिडकी आहे ती अशी आहे. निळसर, वाकणारी, आणि उजव्या कोपऱ्यात तीन बोटांची हाडे, उभी. मागून येणाऱ्याला वाटते की आतले कोणीतरी हात हलवून निरोप घेत आहे. आळंदीच्या वाटेवर एक गाडीवान हे बघून मारुतीचे नाव घेत बाजूला झाला. त्याला दोष देत नाही.

आता शिवणीतून पाणी झिरपू नये, याचा बंदोबस्त. आमच्या आजोबांनी विहिरीचे बांधकाम केले तेव्हा चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर कालवून सांधे भरले होते, आणि त्या विहिरीतून आजतागायत थेंब गळत नाही. (आत पाणी नाही ही गोष्ट वेगळी.) जे विहिरीला चालते ते टपाला का चालू नये? तोच मसाला घोटला, थोडा गूळ जास्तच घातला, आणि सगळ्या शिवणींवरून सढळ हाताने लिंपला. सकाळी उठून बघतो तर टप काळा. जवळ जाऊन बघतो तर काळा रंग चालतो आहे. चऱ्होलीतले यच्चयावत मुंगळे लग्नाला आल्यासारखे जमले होते, आणि दुसऱ्या बाजूने आमची तांबडी गाय दावे तोडून येऊन डोळे मिटून शिवण चाटत होती. तिला मी इतकी सुखी कधी पाहिली नव्हती. मी गाईला हाकलत होतो तोवर चिमाजी परोपकाराच्या भरात धावला आणि त्याने टपावर घागरीमागून घागरी पाणी ओतले. मुंगळे गेले, चुना गेला, गूळ गेला. मात्र एक झाले. सुती तंबूचे कापड भिजले आणि उन्हात वाळताना असे आवळले की टप डफासारखा ताणला गेला. टिचकी मारली तर वाजतो. वरून जवसाचे तेल चोळले. आता पाणी येत नाही, मी स्वतः आत बसून चिमाजीला वरून ओतायला लावून खात्री केली आहे.

आणि मग आत्याची फेरी. तिने नवे लुगडे नेसून घेतले. मी पुढे स्टेअरिंग धरून बसलो. मोटार अशी संथ, गोड चालली की तिने एकदाही आवाज केला नाही. देऊळ मागे पडले, गाव मागे पडले. वळून बघितले तर ती गादीवर गुडघे टेकून, माझ्याकडे पाठ करून, खिडकीला नाक लावून बसलेली. म्हटले, आत्या, पुढे बघ, पुढे नदी दिसते. तर म्हणाली, "फुडं काय बघायचं? फुडचं आपसूक येतंया. मागचं जातंय, ते बघून घिऊ दे." आणि लगेच, "चिमाजीची म्हस आपल्या कडवाळात शिरली रं." आमच्या वैरणीच्या हिरव्या ज्वारीत ती खरोखरच शिरली होती.

परत येताना मी सहज म्हटले, आता तरी सोजराचे मन भरेल, ऊन लागणार नाही, धूळ येणार नाही. आत्या तोंड न वळवता म्हणाली, "तिला उन्हाचं काय? शेतात जन्मली ती." मग तिनेच सांगितले, जायच्या आदल्या रात्री सोजरा चुलीपाशी तिच्याजवळ जे बोलली होती ते. तुमच्या माणची रीत आहे म्हणे, लेक सासरी निघाली की आई वेशीतल्या चिंचेखाली उभी राहते आणि गाडी वळणाआड होईपर्यंत घरी फिरत नाही. आणि लेकही तोवर मागेच बघत असते. दोघींपैकी कोणी आधी मान वळवायची नाही. त्या दिवशी गोजाबाई चिंचेखाली उभ्या होत्या. डोळ्यांना कमी दिसते म्हणून हात कपाळाला लावून बघत होत्या. आणि आत तुमची बहीण माझ्या गोणपाटाकडे बघत बसली होती. पुढच्या खेपेला आईला आपण दिसू तरी की नाही, हा एकच विचार तिच्या मनात चालला होता, आणि वर माझा म्हशीचा विनोद. मी आत्याला विचारले, हे तू मला आधी का नाही सांगितलेस? ती म्हणाली, "तू इचारलंस कवा? तू तर शिवत बसला व्हतास."

यशवंतराव, मला फार वाईट वाटले. विनोद करायची सवय आहे म्हणून हे वाक्य साधेच लिहितो. ती झोपली आहे असे समजून मी सबंध वाट शीळ घालत आलो होतो. एवढा टप शिवला, अंगठा फोडून घेतला, धोतर गमावले, आणि तिने मागितली होती ती एक खिडकी, जी मी आत्याची हाडे हाताशी होती म्हणून बसवली.

तेव्हा येत्या रविवारी मी मोटार घेऊन माणला येत आहे. वडीलधाऱ्यांना बसवू नका, बसलीच असतील तर जेवू घालून उठवा. तुमच्या भगिनीला सांगा, की टप नीट झाला आहे, आणि खिडकीही. खिडकी आधी सांगा. तुमचा लोभ माझ्यावर अजून शिल्लक आहे का, ते रविवारी वेशीतच कळेल, म्हणून इथे मागत नाही.

आपला,
ज्योतीराम

ता. क. टप आवळल्यामुळे तो आता मिटत नाही. उघडी मोटार म्हणून घेतलेली मोटार कायमची झाकली गेली आहे. मामंजी विचारतील तर सांगा, की जावयाने मुद्दाम पक्की करून घेतली.

ता. क. दुसरा. आत्याच्या फेरीत मोटारीने आवाज केला नाही असे वर लिहिले आहे, ते अक्षरशः खरे आहे, कारण इंजिन चालू नव्हते. मी टप शिवण्यात गुंग असताना उंदरांनी आतल्या तारा कुरतडल्या. मोटार चिमाजीच्या बैलांनी ओढली. हे लिहायचे राहून गेले. रविवारी चिमाजीचे बैल मोटार वाकडपर्यंत आणतील. त्यापुढे ते येत नाहीत, सोमवारी त्यांना नांगराला जुंपायचे आहे. तरी तुम्ही तुमची खिल्लारी जोडी घेऊन सकाळी वाकडला हजर राहावे, आणि संध्याकाळी त्याच जोडीने आम्हाला चऱ्होलीला पोचवावे. डाव्या बैलाच्या खांद्याची चौकशी त्यासाठीच होती.

ता. क. तिसरा. इंजिन बंद आहे म्हणून बैल जुंपले, असे तुमच्या बहिणीला सांगू नका. बैलांची चाल सावकाश, वेशीपासून वळणापर्यंत पुष्कळ वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तिला मागे बघता यावे म्हणून जुंपले, असे सांगा. आत्ता लिहिताना मला खोटे वाटत होते, पण लिहून झाल्यावर तितकेसे वाटत नाही. आईंना म्हणावे, चिंचेच्या सावलीत नीट उभ्या राहा, घाई नाही. खिडकीच्या कोपऱ्यात तीन बोटे हलताना दिसली तर ती आत्याची. बाकीचा हात त्यांच्या लेकीचा.